पाचोळा जाळू नका, आणि हिवाळी पाखरांच्या बाबतीत या चुकाही टाळा

नोव्हेंबर लागला की ओळखीतले कोणी ना कोणी विचारते, "पाखरांना काय घालू?" विचारणाऱ्याने बहुधा टांगते भांडे आणि सूर्यफुलाच्या बिया आधीच आणलेल्या असतात. हा थंड देशांतला सल्ला. तिथे जमीन बर्फाखाली जाते, तेव्हा पाखरांची खरोखर उपासमार होते. आपल्या गोव्यात हिवाळ्यातही किडे मिळतात, म्हणून तर ही पाखरे उत्तरेकडून इथवर येतात. हळद्या, स्वर्गीय नर्तक, राखी कोतवाल, झुडपात लपून 'चक् चक्' करणारा बोरू वटवट्या, नवरंग. यांतला एकही दाणे खात नाही. हळद्या किड्यांबरोबर फळेही खातो, बाकीच्यांचा जीव किड्यांवर.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक भांड्याची नाही, झाडूची आहे. थंडीत आंबा, फणस, काजूखाली पातेरा, म्हणजे गळलेला पाचोळा, साचतो आणि आपण तो लख्ख झाडून काडी लावतो. त्या पातेऱ्याखालीच गांडुळे, वाळवी, गोमीची पिल्ले असतात.

आमचे घर डिचोली तालुक्यात. मागच्या फणसाखाली दोन हिवाळे नवरंग येत होता. संध्याकाळी दिवेलागणीला दोन सुरांची स्पष्ट शीळ यायची. ही शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला इतकी नेमाने येते की तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्याला पाहायची. दोन उड्या मारायचा, थबकायचा, मान तिरकी करायचा, चोचीने एक पान उचलून बाजूला भिरकवायचा, की खालून गांडूळ. आखूड शेपटी सारखी वरखाली. तिसऱ्या वर्षी घरात सत्यनारायणाची पूजा होती. दिरांनी दोन माणसे लावून मागची जागा साफ करून घेतली, ढीग पेटवला. दुसऱ्या दिवशी नवरंग आला, उघड्या तांबड्या मातीवर चारपाच उड्या मारल्या, एकदा चोच आपटली आणि विहिरीपलीकडे उडून गेला. त्या हिवाळ्यात पुन्हा शीळ ऐकू आली नाही. मला ते फार लागले.

आता मी पुढचे अंगण, तुळशीभोवती आणि विहिरीची वाट रोज झाडते. झाडलेले सगळे फणसाखाली पसरते, ढीग करत नाही. दहा बाय दहा फुटांचा तो तुकडा कोणी हात लावायचा नाही. माती पुन्हा जिवंत व्हायला एक पावसाळा गेला, मग आधी नारिंगी डोक्याचा कस्तुर आला आणि पुढच्या हिवाळ्यात नवरंगही.

"पातेऱ्यात साप येतील," असे सगळे म्हणतात. फुरसे पातेऱ्यात बसते हे खरे आहे. म्हणून तो तुकडा दारापासून लांब असावा, तिथे अनवाणी जाऊ नये आणि रात्री विजेरी हातात असावी. पण रोज मूठमूठ तांदूळ टाकणाऱ्यांच्या घरी उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग येतो, तो थेट ओसरीपर्यंत. त्याची भीती कोणी धरत नाही.

पाव, शेव, फरसाण, मीठ घातलेला भात अजिबात घालू नका. त्याने कावळे आणि पारवे तेवढे वाढतात. आपल्या दमट हवेत बुरशी धरलेले शेंगदाणे तर विषच. द्यायचेच असेल तर नव्याच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला दारावर लावतो तशी भाताच्या कणसांची एक जुडी टांगा, चिमण्या आणि मनोल्या येतील. बुलबुल-तांबटांसाठी पिकलेले केळे, सकाळी लावायचे आणि संध्याकाळी उरलेले काढायचे.

फुलांतला मध पिणाऱ्या शिंजिरांना साखरपाणी कशाला? दुपारपर्यंत ते आंबते. शेवगा, जास्वंद आणि एक केळफूल असले की ते आपणहून येतात.

आंब्यावरचे बांडगूळ सगळे तोडू नका, एखादा झुबका त्याची फळे खाणाऱ्या फुलटोच्या पाखरासाठी राहू द्या.

पाणी मात्र हवेच. लोक खोल बादली ठेवतात आणि त्यात पाखरू बुडते. डिचोलीच्या कुंभारांकडची मातीची पसरट थाळी घ्या. पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड हवा. झुडपाला अगदी चिकटून ठेवलीत तर मांजर दबा धरून बसते, सहा-सात फूट मोकळे सोडा. मी रोज सकाळी जुने पाणी ओतून नारळाच्या सोडणाने थाळी घासते. रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत. आठवड्याने बदलणार असाल तर ठेवूच नका.

दुसरी चूक नव्या घरांची. माझ्या बहिणीने मागच्या बाजूला मोठी सरकती काच बसवली. काचेत माडबागेचे प्रतिबिंब पडते आणि पाखराला ती बागच वाटते. जानेवारीत एका सकाळी धप्प आवाज झाला. बाहेर हिरवा होला पडलेला, पंखांवर पाचूची झाक तशीच, चोच लाल आणि मान मोडलेली. मी तिथेच होते. महिनाभरात हा तिसरा, असे ती म्हणाली. तिने काचेच्या मधोमध गरुडाचे एक चित्र चिकटवले होते, त्याने काही होत नाही. आम्ही काचेच्या बाहेरून, वरपासून खालपर्यंत, चार-चार बोटांच्या अंतराने सुंभ सोडला. आतून लावलेला पडदा प्रतिबिंब थांबवत नाही. पाखरू नुसते भोवंडले असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, तासभर शांत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. शुद्धीवर आले की झाडाखाली खोके उघडा.

मोबाइलवर शीळ वाजवून पाखराला बोलावणाऱ्यांवर मी खरोखर चिडते. आपल्या हद्दीत दुसरा आला या समजाने पाखरू खाणे सोडून धावते, आणि पुढच्या लांबच्या प्रवासासाठी साठवायचा जोर तुमच्या फोटोत जातो. नवशिक्यांना पहिल्याच रविवारी सगळे हवे असते, अगदी आपला राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुलसुद्धा. तो घाटाजवळच्या रानातला, त्याच्यासाठी मोले-बोंडल्याच्या अभयारण्यांत जा. अंगणात एकाच जागी, एकाच वेळी, पंधरा दिवस अर्धा तास बसा. मी सकाळी साडेसहाला मागच्या पायरीवर चहा घेऊन बसते. दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते, पण पहिला महिना तीही नको, कान लावा.

आणि एप्रिलमध्ये पाहुणे परतले म्हणून थाळी उचलून ठेवू नका. दयाळ, शिंपी, सातभाई इथलेच आहेत, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो तेव्हा ते त्याच थाळीवर येतात.