डेस्कटॉप संगणकावरचा व्हिडिओ टीव्हीवर कसा पाहावा

साताऱ्यातल्या जुन्या घरांत टीव्ही सोप्यात आणि संगणक आतल्या खोलीत, अशीच मांडणी बहुधा असते. कासला टिपलेली फुले किंवा पुतण्याच्या लग्नाचे चित्रीकरण दाखवायचे म्हटले की लहानशा मॉनिटरभोवती सात-आठ जण दाटीवाटीने बसतात आणि मागे उभे असलेल्यांच्या वाट्याला फक्त आवाज येतो. संगणकाच्या लेखी टीव्ही हा एक मोठा मॉनिटरच असल्यामुळे हे काम एका केबलवर भागते.

प्रथम कॅबिनेटची, म्हणजे संगणकाच्या मुख्य डब्याची, मागची बाजू टॉर्च लावून पाहावी. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणाऱ्या एचडीएमआयचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, चपटे असून त्याचे खालचे दोन्ही कोपरे तिरके असतात, तर तशाच कामाच्या डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा तिरका असतो. तीन ओळींत पंधरा छिद्रे आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची सोय असलेले, बहुधा निळे पोर्ट म्हणजे जुन्या पद्धतीचे व्हीजीए. एचडीएमआय असेल तर साधी एचडीएमआय केबल पुरते. फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ अशीच केबल मागावी, कारण अशा बहुतेक केबली एकाच दिशेने चालतात. केवळ व्हीजीए असेल, तर यूएसबीवर चालणारा आणि आवाजासाठी वेगळी पिन असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. व्हीजीएमधून आवाज मुळीच जात नाही.

संगणकात चित्र तयार करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्याच कार्डाच्या पोर्टात लावावी. मी स्वतः पोवई नाक्यावरून केबल आणली, ती यूएसबीच्या शेजारी दिसलेल्या मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पट्टीच्या) पोर्टात बसवली आणि अर्धा तास ‘नो सिग्नल’कडे पाहत केबलवाल्या दुकानदाराला दोष दिला. खरे पोर्ट वीतभर खाली, रबरी टोपण लावलेले, तसेच होते.

केबलची लांबी सुतळीने मोजावी, आणि तीही भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून जिथून केबल खरोखर जाणार आहे तिथून. सरळ रेषेत तीन मीटर वाटणारे अंतर अशा मोजणीत सहज सहा मीटर भरते. पाच मीटरपर्यंत साधी तांब्याची केबल सहसा त्रास देत नाही. दहा-पंधरा मीटर अंतर असेल, तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशतंतूची, एचडीएमआय केबल घ्यावी आणि तिचे ‘सोर्स’ लिहिलेले टोक संगणकाकडे ठेवावे. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या पिनांनी चित्र अधिक चांगले दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद करून त्यांचे प्लग काढावेत. घरात अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात; तसे होत असेल तर आधी वायरमनला बोलवावे. वळवाचा पाऊस गडगडू लागला की दोन्ही प्लगांबरोबर डिशची किंवा केबलची वायरही काढून ठेवावी, कारण टीव्हीला बसलेला विजेचा झटका आता एचडीएमआयमधून संगणकापर्यंतही पोहोचू शकतो.

टीव्ही सुरू करून रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने ज्या क्रमांकाच्या पोर्टात केबल लावली आहे तो निवडावा. मग संगणकावर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबावीत. ‘डुप्लिकेट’ने दोन्हीकडे एकच चित्र दिसते, परंतु ‘एक्स्टेंड’ अधिक सोयीचे, असे माझे मत आहे. त्यात व्हिडिओची खिडकी विंडोज, शिफ्ट आणि उजवा किंवा डावा बाण दाबून टीव्हीवर पाठवता येते आणि मॉनिटर इतर कामासाठी मोकळा राहतो.

डिस्प्ले सेटिंगमध्ये फुल एचडी टीव्हीसाठी १९२० × १०८० आणि फोर-के टीव्हीसाठी ३८४० × २१६० हे रिझोल्यूशन ठेवावे. फोर-केमध्ये माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, ३० हर्ट्झवर अडकलेला असतो. ६० हर्ट्झसाठी संगणकाचे पोर्ट, केबल आणि टीव्हीचे पोर्ट या तिन्हींना निदान एचडीएमआय २.० ची क्षमता लागते. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर दोष संगणकात शोधू नये. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय असतो, तो सुरू करावा.

चित्र टीव्हीवर आणि आवाज मात्र आतल्या खोलीत, असे झाल्यास टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावरून टीव्हीचे नाव निवडावे आणि प्लेअर एकदा बंद करून पुन्हा उघडावा. मोबाइलवर एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या पद्धतीने साठवलेले चित्रीकरण विंडोजच्या प्लेअरमध्ये उघडले नाही, तर ते व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चालते.

संगणकाला वाय-फाय असेल आणि टीव्हीत मिराकास्ट (केबलशिवाय चित्र पाठवण्याची सोय) असेल, तर विंडोज आणि के दाबून बिनतारी जोडणीही होते. दगडमातीच्या जाड भिंतींमागून मात्र चित्र अडकत राहते, म्हणून मी केबललाच पसंती देतो.

पाहून झाल्यावर पुन्हा विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी उघडलेली फाइल बंद टीव्हीवर जाऊन बसते आणि मॉनिटरवर ती काही केल्या सापडत नाही.