टायर रिमवर सरळ बसत नाही? या चुका टाळा

रविवारी पहाटे आमच्या पार्किंगमध्ये कोणीतरी सायकल उलटी करून बसलेलं असतंच. बाकीचा ग्रुप सोमेश्वरला चहाला थांबलेला, इथे याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि वर मलाच सांगणार, "काका, दुकानदाराने टायर लहान दिला." टायर लहान नसतो हो, सहसा. २०१५ मध्ये आपल्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू सायकलवर अमेरिका आडवी पार करून आले आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या डॉक्टरांनी सायकली घेतल्या. चांगलंच झालं. पण पंक्चर काढून टायर परत चढवायचा म्हटलं की भलेभले रडकुंडीला येतात, आणि चुका तरी नवीन कराव्यात, तर तेही नाही.

शेवटची वीत उचकटून चढवणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. टायर सगळीकडून आत गेलेला असतो, फक्त वीतभर कड बाहेर राहते. ती काही केल्या जात नाही. मग पाना, चमचा, स्क्रू ड्रायव्हर, हाताला लागेल ते खुपसायचं आणि कच्चकन वर उचलायचं. टायर चढतो, पण खाली चिमटीत ट्यूब सापडलेली असते.

माझ्या पुतण्याने त्र्यंबकच्या राइडच्या आदल्या रात्री असाच टायर चढवला. मी म्हटलं, थांब, मी बघतो. तर म्हणे, "झालं काका, दोन मिनिटांत झालं." सकाळी अंजनेरीच्या अलीकडे चाक बसलं. त्याच्याकडे दुसरी ट्यूब होती. ती टाकली, त्याच स्क्रू ड्रायव्हरने टायर चढवला, पंप मारला, आणि वीस पंप होईपर्यंत तीही बसली. मग मला फोन. मी स्कूटरवर तिसरी ट्यूब घेऊन गेलो. जुन्या दोन्ही ट्यूब काढून बघितल्या, तर दोघींनाही आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला, नखाएवढी चीर. खिळा किंवा काटा लागला तर भोक बहुधा बाहेरच्या अंगाला पडतं. चीर आतल्या बाजूला असली की रस्त्याला शिव्या देऊ नका, स्वतःच्या हाताकडे बघा. तिसरी ट्यूब मी नुसत्या हाताने घातली. पुतण्या तोंडावर रुमाल धरून उभा होता, घाम पुसायला असेल.

यात ताकदीचं काम नाही. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. तुम्ही पैलवान असा नाहीतर कोणी. रिमकडे एकदा नीट बघा: दोन्ही बाजूंना कड टेकायची पायरी असते आणि मधोमध खोलगट पन्हळ. कड पायरीवर बसलेली असेल तर तारेला ढील शून्य. तीच कड पन्हळीत उतरवली की घेर थोडा कमी होतो आणि तेवढी ढील तुमच्या हातातल्या वीतभर तुकड्याला मिळते. अडचण दिसते इथे, पण उपाय चाकाच्या पलीकडच्या बाजूला असतो. हे कोणी ऐकतच नाही. सगळे जिथे अडलंय तिथेच झोंबतात.

माझी पद्धत अशी. ट्यूबमध्ये तोंडाने फुंकल्यासारखी, ती फक्त गोल आकार धरेल इतकीच हवा. व्हॉल्व्हच्या बरोब्बर समोरून कड चढवायला सुरुवात आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. बरेच जण उलटं करतात. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं बूड जाड असतं, तिथे कड पन्हळीत उतरूच शकत नाही. म्हणजे तिथून सुरुवात केली तर हक्काची ढील गेली. शेवटची वीत राहिली की हवा पूर्ण सोडायची, समोरच्या बाजूपासून दोन्ही कडा चिमटीत धरून मधोमध ढकलत ढकलत दोन्ही हात व्हॉल्व्हकडे आणायचे. एकदा नाही, दोनदा. मग तळव्याच्या टाचेने कड पुढे लोटायची, चपाती लाटताना लाटणं ढकलतो तशी. बोटांनी ओढू नका, नखं जातात.

तरी अडला तर साबणाचं पाणी. भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब कपभर पाण्यात. आणि डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की नवीन टायर आधी अर्धा तास गच्चीवर उन्हात टाकायचा. गार टायर हट्टी असतो. पण हे सांगितलं की पोरं माझ्याकडे मी पापड वाळवायला सांगतोय अशा नजरेने बघतात.

टायर उड्या मारतो म्हणून रिमचा आऊट काढणं

आमच्या शेजारच्या एक बाई शाळेत शिक्षिका आहेत, सायकलवर जातात. टायर बदलून आणला आणि चाक दर फेरीला ठुक ठुक करायला लागलं. दुकानात सांगितलं, रिमला आऊट आहे, म्हणजे रिम वाकडी झाली आहे. स्पोक आवळले, पैसे घेतले. ठुक ठुक तशीच. परत नेली, परत आवळले. तिसऱ्यांदा जाताना खाली मला भेटल्या.

मी मागचं चाक उचललं, फिरवलं आणि ब्रेकच्या रबराशेजारी डोळा लावला. रबर आणि रिम यांच्यातली फट जराही हलत नव्हती. रिमचा काठ वर-खालीही होत नव्हता. म्हणजे रिम सरळ. मग टायरकडे बघितलं, तर व्हॉल्व्हपाशी चार बोटांच्या जागेत तो खाली दबलेला. एवढं बघायला दहा सेकंद लागतात. स्पोकला पाना लावण्याआधी ते दहा सेकंद कोणी का देत नाही, हे मला कळलेलं नाही.

टायरच्या बाजूला, रिमच्या काठाच्या किंचित वर, साच्यातून आलेली एक बारीक रेघ असते. ती शोभेची नाही. चाक फिरवा: रेघ आणि रिमचा काठ यांच्यातलं अंतर पूर्ण घेरात सारखं पाहिजे, दोन्ही बाजूंनी. एखाद्या जागी रेघ रिमखाली बुडाली तर तिथे कड अजून पन्हळीत अडकली आहे. एखाद्या जागी फार वर आली तर तिथे टायर बाहेर पडायच्या बेतात आहे. या दोन्हींचा इलाज वेगळा, आणि इथेच घोळ होतो.

बुडालेल्या जागेसाठी: हवा सोडा, तेवढ्या भागात दोन्ही बाजूंनी साबणाचं पाणी लावा, टायर हाताने बाहेर खेचा, मग सावकाश हवा भरा. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत जा, त्यापुढे नाही. माझ्या एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी सायकलच्या, टायरवर ४० ते ६५ पीएसआय छापलंय; पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. साधारण पन्नाशीच्या पुढे 'टप्' असा आवाज येतो आणि रेघ वर येते. तो आवाज ऐकायला मला अजून आवडतं. नाही आला तर परत हवा सोडा, परत साबण. बाईंचा टायर दुसऱ्या खेपेला बसला. बसला की राइडला लागेल तेवढी हवा ठेवून बाकीची सोडायची.

वर आलेल्या जागेसाठी मात्र आणखी हवा भरायची नाही. ताबडतोब सोडायची. आमच्या सोसायटीतल्या एका पोराने पेट्रोल पंपावर नेऊन भरली. कारच्या नळीला सायकलची ट्यूब म्हणजे एक घोट. कड रिमवरून सुटली, ट्यूब पुरीसारखी बाहेर फुगली आणि फुटली. सुतळी बॉम्बसारखा आवाज, आणि त्याचे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते. हातपंपाने भरा, आणि दहा-पंधरा पीएसआयला थांबून एक चक्कर रेघ बघा, दोन्हीकडून. टायर चिमटीत दाबून ट्यूब कडेखालून डोकावत नाही ना, तेही बघा.

रोड बाइकवाल्यांनो, तुमची रिम हुक नसलेली (म्हणजे काठाला आतून टायर अडकवणारी वळलेली कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर जायचं नाही, टायरवर शंभर छापलेलं असलं तरी. रिमवर कमी आकडा असेल तर तो पाळा.

बाकीच्या चुका पटापट:

तेल किंवा ग्रीस लावू नका. रबर खराब होतं आणि डिस्क ब्रेकला लागलं तर पॅड गेले.

रिम टेपवर, म्हणजे रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीवर, दुसरी टेप चढवू नका. पन्हळच भरून जाते, मग ढील कुठून येणार?

व्हॉल्व्हची रिमला टेकणारी चकती आधीच आवळू नका. टायर चढल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत ढकला, परत खाली ओढा, मग हवा. बाईंच्या सायकलला हेच झालेलं होतं.

खरंच टायर लहान वाटत असेल तर इंचांवर जाऊ नका. बाजूला छापलेला तीन आकडी नंबर बघा: ५५९, ५८४, ६२२. तो रिमशी जुळला पाहिजे. २६ इंच नावाचे टायर एकाहून जास्त मापांचे असतात.

आणि घरात आजोबांची काळी सायकल असेल तर तिचा व्हॉल्व्ह दाबून हवा सुटत नाही, व्हॉल्व्हच्या तोंडाची चकती ढिली करावी लागते. तो उघडलाच आहे तर वालट्यूब नवी घाला. बोटाच्या पेराएवढा रबराचा तुकडा, त्यात काटकसर कसली करता?