फेटलिंगला लागताय? आधी श्वासाचं बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फेटलिंगला, म्हणजे फौंड्रीतल्या कास्टिंगवरची (ओतीव भागांवरची) वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने काढायच्या कामाला, मला 21 वर्षं झाली. नवीन पोरगं आलं की ग्राइंडर हातात द्यायच्या आधी मी त्याला मास्क लावायला शिकवतो.

पोरांनो, रुमाल बांधून येऊ नका. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली फुटते आणि तिच्यातल्या सिलिकाची पूड होते. उन्हाच्या कवडशात दिसते ती जाड धूळ, ती बरीचशी नाकातच अडकते. फुफ्फुसाच्या तळाशी बसते ती 5 मायक्रॉनहून बारीक, डोळ्याला न दिसणारी. तिला रुमाल म्हणजे उघडं दार.

पहिल्यांदा डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून घेणारं यंत्र, चालू आहे का बघा. बंद असेल तर सुपरवायझरला सांगा, कलेक्टर चालू झाला की मगच ग्राइंडर सुरू करा. मास्क त्याच्यानंतर.

मास्क एफएफपी2, म्हणजे बारीक धूळ गाळणारा, मागा, त्यावर आयएस 9473 छापलेलं असतं. वरचा पट्टा डोक्यामागे उंच, खालचा कानाखालून मानेवर. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटली की मधे टोक येतं आणि दोन्हीकडे फट राहते. म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढीवर मास्क बसत नाही. या एका गोष्टीवरून पोरं माझ्यावर रुसतात, पण मी ऐकत नाही. घामाने भिजला, श्वास जड लागला, की दुसरा मागून घ्या.

सुट्टी झाली की एअरच्या पाइपने अंग झाडायचं, ही सवय तर मोडाच. बसलेली सगळी धूळ परत तोंडासमोर उडते. कपडे तिथंच बदला, पिशवीत बांधून न्या, घरी धुवायच्या आधी पाण्यात बुडवा. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा.

गूळ खाल्ला की धूळ निघते म्हणतात. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते. खा, पण त्याच्या भरवशावर मास्क काढू नका.

माझ्याबरोबर नॉकआउटला, म्हणजे साच्याची वाळू फोडून कास्टिंग बाहेर काढायच्या कामाला, एक दादा होते. खोकला, दम, वजन उतरलेलं. दोनदा टीबीचा कोर्स झाला, थुंकीत मात्र टीबी कधीच सापडला नाही. काम काय करता, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. तो सिलिकोसिस होता, सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाला होणारा आजार. तो बरा होत नाही, आणि त्यात खरा टीबीही लवकर धरतो. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका: "फौंड्रीत फेटलिंगला आहे, इतकी वर्षं झाली," हे पहिलं वाक्य सांगा. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर केसपेपरवर तसं लिहून घ्या, कारण कायद्यात हा कामातून होणारा आजार धरलाय.

दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि नळीत फुंकायची तपासणी करून घ्या. जुन्या फिल्म टाकू नका. नवीन फिल्म शेजारी धरूनच फरक कळतो. गुंडाळी करू नका, कपाटात कपड्यांखाली सपाट ठेवा, आणि कोपऱ्यावर तारीख घाला.