बेळगावात सिगार बार काढता येतो का? स्मोकिंग रूम नियमात बसवायची कशी

न्यूयॉर्क शहरात काही सिगार बारना धूम्रपानबंदीतून सूट आहे. त्यासाठी २००१ सालच्या एकूण उत्पन्नातला किमान १० टक्के वाटा जागेवरच्या तंबाखूविक्रीतून आणि ह्युमिडॉरच्या (सिगार योग्य दमटपणात ठेवायच्या पेटीच्या) भाड्यातून आलेला असावा लागतो. हे वाचून बेळगाव, निपाणी, खानापूर भागात कोणी तशीच योजना आखत असेल, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: आपल्याकडे ‘सिगार बार’ नावाची सूटच नाही. २००३ च्या तंबाखू कायद्यात सवलत आहे ती फक्त ३० किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना. तीही वेगळी स्मोकिंग रूम ठेवण्यापुरती. बार आणि पब ‘रेस्टॉरंट’मध्येच मोडतात, आणि भोवतालची मोकळी जागासुद्धा त्यातच धरली जाते. म्हणजे लॉनवर, व्हरांड्यात टेबलं टाकून पळवाट निघत नाही. २४ आसनांच्या बारने तर हा विषयच सोडून द्यावा.

स्मोकिंग रूममध्ये कोणतीही सेवा देता येत नाही. ड्रिंक नाही, स्टार्टर नाही, वेटरने आत जायचं नाही. शिवाय कर्नाटकात तंबाखूची सुटी, म्हणजे एकेक नगाने, विक्री बंद आहे आणि २१ वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही. ह्युमिडॉरमधून एकेक सिगार काढून विकण्यावरच सिगार बारचा धंदा चालतो, तेव्हा तो इथे उभा राहत नाही. हुक्का ठेवण्याचा तर विचारही नको. २०२५ मध्ये लागू झालेल्या राज्याच्या दुरुस्तीनुसार हुक्का बार चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंड आहे.

आता खोली. चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती लागतात आणि काम सर्वात जास्त बिघडतं ते इथेच. मिस्त्री जिप्समचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवतो; वरच्या पोकळीतून धूर सरळ फॅमिली सेक्शनमध्ये उतरतो. भिंत स्लॅबला भिडलीच पाहिजे, आणि वायरिंगच्या पाइपांभोवतीच्या फटी सिलंटने बुजवायच्या. दाराला डोअर क्लोजर हवा. दार एरवी बंदच राहिलं पाहिजे. खोली प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी चालत नाही.

हवेचा हिशेब असा. खोली १० बाय १२ फूट, उंची ९ फूट, म्हणजे १०८० घनफूट. एका वेळी सहा माणसं, माणशी ६० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरले तर ३६० सीएफएम बाहेर फेकायचे; तासाला २० वेळा हवा बदलते. हवा बाहेर नेणाऱ्या नळीत, म्हणजे डक्टमध्ये, वळणं असली की पंख्याची ताकद घटते, त्यामुळे ४५० ते ५०० सीएफएमचा इनलाइन (डक्टच्या आतच बसणारा) पंखा घ्यावा. भिंतीतला साधा एक्झॉस्ट लांब डक्टवर दम टाकतो. बाहेरून ताजी हवा साधारण ३०० सीएफएमच आत सोडायची. उरलेली दाराखालच्या अर्ध्या इंची फटीतून ओढली जाते. या फरकामुळेच खोलीत नियमाला हवा तसा ऋण दाब, म्हणजे बाहेरपेक्षा कमी दाब, तयार होतो. सेंट्रल एसीची रिटर्न जाळी (हवा परत ओढून घेणारी) या खोलीत ठेवायचीच नाही. थंडाव्यासाठी वेगळा स्प्लिट चालतो, पण तो धूर बाहेर टाकत नाही, हे मालकाला दोनदा सांगावं लागतं.

डक्टचं तोंड शक्यतो पश्चिमेला नको. जून ते सप्टेंबर घाटाकडून येणारा वारा-पाऊस त्यात घुसतो आणि धूर उलटा फिरतो. छतावर टोपी आणि उलटी हवा अडवणारं बॅकड्राफ्ट शटर बसवावं.

तपासणी उदबत्तीने करावी. किचनची चिमणी पूर्ण वेगाने चालू ठेवून दार बोटभर उघडा, उदबत्ती खाली आणि वर धरा. दोन्हीकडे धूर आत ओढला गेला पाहिजे. चिमणी बंद असताना पास झालेली खोली रात्री आठ वाजता, तंदूर आणि चिमणी जोरात असताना, नापास होते. अशा वेळी किचनला वेगळी ताजी हवा द्यावी लागते. पंख्याचा स्विच दिव्याला जोडा आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरही अर्धा तास तो चालू ठेवा.

खोलीवर ‘स्मोकिंग एरिया’ हे इंग्रजीत आणि एका भारतीय भाषेत लिहायचं असतं. बेळगावात ती भाषा कन्नड ठेवावी, मराठी ओळ जास्तीची. बाकी हॉटेलात ‘धूम्रपान निषिद्ध’चे बोर्ड: किमान ६० बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, प्रत्येक प्रवेशद्वारी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशी. कोल्हापुरातून छापून आणलेल्या बोर्डावर ‘दंड २०० रुपये’ असेल तर तो इथे चुकीचा. कर्नाटकात दंड एक हजारापर्यंत आहे. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही बोर्डावर हवं, आणि तो माणूस संध्याकाळच्या पाळीत हजर हवा. स्मोकिंग रूम सोडून कुठल्याही टेबलावर अ‍ॅशट्रे, काडेपेटी किंवा लायटर नको. तक्रार येऊनही मालकाने दुर्लक्ष केलं, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर येतो.