भुवया उंचावल्या म्हणजे ‘हो’

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुट प्रदेशातल्या एखाद्या गावात नर्स म्हणून रुजू होणार असाल आणि लैंगिक आजारांची तपासणी करणार असाल, तर हे आधी लक्षात ठेवा: तिथला मूळ रहिवासी, म्हणजे इनुइट माणूस भुवया उंचावतो तेव्हा ‘हो’ म्हणतो, नाक आक्रसतो तेव्हा ‘नाही’. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला मी एकच प्रश्न तीनदा विचारला. ती तिन्ही वेळा भुवयांनी उत्तर देत होती.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. दुभाष्या बाई तिच्या मावशी निघाल्या. हजारभर वस्तीचं गाव, असं होणारच. मुलगी गप्प झाली आणि उठून गेली. आता मी आधी एकटीला विचारते, ‘दुभाषी हवा का? कोण नको?’

नुनावुटमध्ये २५ गावं, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. लघवीचे नमुनेही विमानानं जातात. हिमवादळ आलं की क्लॅमिडिया-गनोरिया या लैंगिक आजारांचा रिपोर्ट अडकतो आणि तोवर पेशंट शिकारीला निघून गेलेला असतो. म्हणून जोडीदाराला लागण असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. शिवाय दवाखान्याबाहेर कुणाची स्नोमोबाइल उभी आहे हे गावाला कळतंच. खोकला, कानदुखी, कशासाठीही कुणी आलं की मी लैंगिक आजारांच्या तपासणीचंही विचारून घेते.

सगळ्यात अवघड काम जोडीदारांची नावं विचारण्याचं, म्हणजे त्यांच्यावरही उपचार करता येतील. १९५०च्या दशकात ‘सी. डी. हाउ’ या सरकारी जहाजावर इनुइट लोकांचे एक्स-रे काढत आणि क्षय निघाला की माणसाला थेट दक्षिणेकडच्या सॅनेटोरियममध्ये नेत. कित्येक जण परतले नाहीत. कुणाला कुठे पुरलं हेही घरच्यांना वर्षानुवर्षं कळलं नाही. २०१९ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी नुनावुटची राजधानी इकालुइटला येऊन त्याबद्दल माफी मागितली. ज्या घरात ही आठवण आहे, तिथं बाहेरून आलेली नर्स कागद-पेन घेऊन नावं विचारते तेव्हा काय वाटत असेल? मी पेन खाली ठेवते. नाव कुणी दिलं हे जोडीदाराला कधीच सांगणार नाही, हे आधी बोलते आणि पाळते.

२०१२ पासून इथं सिफिलिस या लैंगिक आजाराची साथ आहे; तो गरोदर आईकडून बाळालाही होतो. गरोदर बाईची तपासणी एकदा करून थांबू नका, पुन्हा करा; वेळेत दिलेलं पेनिसिलिन बाळाला वाचवतं. इंजेक्शन फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. ते दाट असतं, गार असलं तर फार दुखतं. सावकाश द्या, आणि दुखेल हे आधी सांगा.