भाषा प्रयोगशाळेत तोंडी स्वाध्याय ध्वनिमुद्रित करून सादर करताना

नांदेड, लातूर, परभणी किंवा बीडच्या महाविद्यालयांत इंग्रजीचा तोंडी स्वाध्याय बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांचा असतो. तो बिघडतो तो यंत्रामुळे कमी आणि तयारीच्या पद्धतीमुळे अधिक, कारण विद्यार्थी पूर्ण मजकूर वहीत लिहून काढतात आणि मायक्रोफोनसमोर तो वाचून दाखवतात. वाचलेले बोलणे ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येते. त्यातले विराम अर्थ संपतो तेथे न पडता वहीतली ओळ संपते तेथे पडतात. म्हणून मजकूर लिहू नये, मुद्दे लिहावेत. समजा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, सोयाबीनचा सौदा कसा होतो हे सांगायचे आहे, तर कागदाच्या चिठोऱ्यावर आवक, ओलावा, बोली, माप आणि पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) एवढे पाच शब्द पुरतात. घरच्या मालासोबत मोंढ्यात गेलेल्या मुलाला मधले सगळे ठाऊक असते. त्याला फक्त क्रम आणि इंग्रजी क्रियापदे मनात पक्की करावी लागतात. मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांची गती शिकणाऱ्यासाठी योग्य आहे.

हेडसेट घातल्यावर त्याचा मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर न आणता तोंडाच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर आणि किंचित खाली ठेवावा, म्हणजे प, फ, ब, भ उच्चारताना सुटणारी हवा थेट त्यावर आदळत नाही. त्यानंतर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा प्रयोगशाळेत जे सॉफ्टवेअर असेल त्यात, आवाज नेमका कोणत्या मायक्रोफोनमधून घेतला जात आहे ते पाहावे. संगणक पुष्कळदा वेबकॅममधला मायक्रोफोन आपोआप निवडतो आणि मग हेडसेट असूनही खोलीतला सगळा गलका मुद्रित होतो. हेडसेटच्या मायक्रोफोनवर नखाने हलकेच टकटक करावी. पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी जोरात हलली, तरच निवड बरोबर आहे असे समजावे.

आपल्या बोलण्यातले सर्वांत मोठ्याने म्हणायचे वाक्य घेऊन दहा सेकंदांची चाचणी करावी. आवाजाची टोके उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहावीत. या पट्टीवर शून्य ही वरची मर्यादा असते; शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. थोडा कमी पडलेला आवाज मात्र वाढवता येतो. मोनो (एकाच वाहिनीचे मुद्रण) आणि 44100 हर्ट्झचा नमुना-दर ही मांडणी पुरेशी आहे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलरशिवाय बसणे अवघड असते, पण त्याची घरघर प्रत्येक वाक्याखाली ऐकू येते. कूलरपासून दूरची जागा घ्यावी, सकाळच्या पहिल्या तासाला वेळ मागावा, नाहीतर प्रयोगशाळेतील सहायकांना विचारून तेवढ्या मिनिटांपुरता कूलर बंद ठेवावा. नंतर सॉफ्टवेअरने खरखर काढता येते हे खरे, मात्र ती अधिक काढली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

मुद्रण सुरू केल्यावर दोन सेकंद शांत राहून नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि विषय सांगावा, मग बोलावे. मध्येच अडखळल्यास थांबवू नये. क्षणभर विराम घेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणावे. बोलता बोलता सुधारलेली चूक तशीच राहू द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तोंडी स्वाध्यायात तपासले जाते ते बोलणेच.

यानंतरचे काम सर्वांत मोलाचे आहे आणि तेच सर्रास टाळले जाते: स्वतःचे पूर्ण मुद्रण हेडसेट लावून ऐकणे. मराठी फ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, तर इंग्रजी ‘फाइव्ह’मधल्या पहिल्या आवाजासाठी वरचे दात खालच्या ओठाला लागतात, बोलताना न जाणवणारा हा फरक ऐकताना कळतो. आघात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) जोर पडतो, तोही असाच तपासावा. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर सरकतो. परदेशी ढब आणण्याची काहीच गरज नाही; आपला मराठवाडी सूर राहिला तरी आघात आणि विराम नेमके असले की बोलणे कोणालाही समजते.

ऑडॅसिटीत ‘सेव्ह’ केल्याने केवळ प्रकल्पाची फाइल तयार होते आणि ती शिक्षकांच्या मोबाइलवर उघडत नाही, म्हणून ‘एक्स्पोर्ट’ करून एमपीथ्री फाइल काढावी. एका मिनिटाची मोनो वेव्ह (आकार न घटवलेली) फाइल सुमारे 5 एमबी होते, तर 128 केबीपीएसची एमपीथ्री 1 एमबीच्या आत बसते. गावाकडून मोबाइल डेटावर पाठवणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. फाइलच्या नावात वर्ग, हजेरी क्रमांक आणि विषय रोमन अक्षरांत लिहावेत.

गूगल क्लासरूममध्ये फाइल नुसती जोडून भागत नाही, ‘टर्न इन’ दाबावे लागते. ड्राइव्हची लिंक देत असल्यास ती शिक्षकांना उघडता येईल अशी परवानगी द्यावी, आणि सादर केलेली फाइल उघडून सुरुवातीची काही वाक्ये ऐकावीत. काही प्रयोगशाळांत संगणक बंद होताच त्यावरील फाइली पुसल्या जातात, त्यामुळे एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि उठण्यापूर्वी आपल्या खात्यातून लॉगआउट करावे.