डिसोसिएटिव्ह विकाराची शंका असताना घरच्यांनी नोंदी कशा ठेवाव्यात

घरातील एखाद्या व्यक्तीचे बसल्या जागी भान हरपते, मधल्या तासाभरातले तिला काहीच आठवत नाही, किंवा आपण बाहेर उभे राहून स्वतःलाच पाहत आहोत असे ती सांगते, तेव्हा गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत अनेक घरांत दोनच तर्क पुढे येतात: एक तर बाधा झाली आहे, नाही तर ती सोंग करते आहे. हा डिसोसिएटिव्ह विकार, म्हणजे भान, स्मृती आणि ‘मी’पणाची जाणीव यांची सांगड सुटण्याचा विकार, असू शकतो. म्हणून हे दोन्ही तर्क बाजूला ठेवून एक साधी वही घालावी. मात्र असा प्रकार पहिल्यांदाच घडला असेल, तर वहीच्या आधी डॉक्टर गाठावा, कारण अपस्मार (फिट येणे), रक्तातील साखर उतरणे, डोक्याला लागलेला मार किंवा एखादे औषध यांमुळेही हेच चित्र दिसू शकते.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना देतो. ‘बुधवार, दिवेलागणीची वेळ. तुळशीपाशी दिवा लावून आत आली आणि सोप्यावर बसली. तीन हाकांना ओ दिली नाही. डोळे मिटलेले, हात थरथरत होते. सुमारे वीस मिनिटांनी पाणी मागितले. म्हणाली, “तुमचा आवाज दुरून येत होता.” आदल्या रात्री दोनपर्यंत जागी होती. दुपारी परीक्षेवरून बोलणे झाले होते.’ या नोंदीत ‘झटका’, ‘नाटक’, ‘अंगात आले’ असा एकही निष्कर्षाचा शब्द नाही, आणि तेच तिचे मोल आहे. शक्य असल्यास मोबाईलवर चित्रण करावे. डोळे उघडे होते की मिटलेले, एवढी बाबही अपस्माराचा झटका आणि तसाच दिसणारा डिसोसिएटिव्ह झटका यांत फरक करताना उपयोगी पडते. त्या वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवणे, चिमटे काढणे हे प्रकार मात्र पूर्णपणे टाळावेत.

वहीचे दुसरे पान स्वभावासाठी राखावे. वाचताना वा भजन ऐकताना आजूबाजूचे विसरून जाणे, कल्पनेत फार रमणे, दुसऱ्याने सुचवलेले चटकन खरे वाटणे आणि मनातील भावना ओळखून शब्दांत सांगता न येणे, या वैशिष्ट्यांचा डिसोसिएटिव्ह अनुभवांशी संबंध अभ्यासांत आढळला आहे. पण तल्लीनता म्हणजे आजार नव्हे. बर्नस्टीन आणि पटनम यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिसोसिएटिव्ह अनुभव मोजणाऱ्या 28 प्रश्नांच्या मापन श्रेणीतही निव्वळ तल्लीनतेचे काही प्रश्न आहेत. तिच्यात सरासरी गुण 30 च्या वर गेले तरी त्याचा अर्थ सविस्तर मुलाखत घ्यावी एवढाच होतो. म्हणून इंटरनेटवर ही प्रश्नावली भरून घरीच निदान करणे मला घातक वाटते.

विचारांच्या सवयी अधिक बारकाईने टिपाव्यात. थकव्यात किंवा भीतीत जग क्षणभर खोटे, काचेपलीकडचे वाटणे पुष्कळांना अनुभवास येते. परंतु ‘मला वेड लागत आहे’ असा अर्थ त्याला चिकटला की माणूस दिवसभर स्वतःची तपासणी करू लागतो, त्याने चिंता वाढते आणि चिंतेने तोच अनुभव पुन्हा येतो. हंटर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे, आणि उपचारात या चक्राला हात घातला जातो. त्यामुळे अनुभवाइतकाच त्याचा लावलेला अर्थही त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून ठेवावा. झोपेची वेळ रोज लिहावी, कारण जागरणाने ही लक्षणे वाढतात. स्मृतीबाबत एक गैरसमज दूर करायला हवा: ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याच्या वागण्यात त्या माहितीचा ठसा दिसला, तर तो खोटे बोलतो असे ठरत नाही, प्रयोगांतही असे ठसे आढळले आहेत.

सर्वांत मोठी सावधगिरी प्रश्न विचारताना लागते. या विकारांमागे बालपणीचे आघात किती आणि कल्पनाशक्ती, सूचना व सामाजिक अपेक्षा किती, यावर संशोधकांत अनेक दशके वाद आहे. अनेक जण आता दोन्हींचा विचार एकत्र करतात. घरच्यांनी त्या वादात पडू नये. ‘लहानपणी तुला कोणी त्रास दिला होता का?’, ‘तुझ्यात दुसरे कोणी आहे का?’ असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, तर सूचनेला लवकर वश होणाऱ्या मनात उत्तरासोबत आठवणही घडू शकते. ‘त्यानंतर काय झाले?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. तिने आपण होऊन अत्याचाराबद्दल सांगितले, तर मात्र शंका न घेता ऐकावे आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी करावी.

जत्रेत किंवा शिगम्यात, गावाने मान्य केलेल्या विधीत भार येणे, म्हणजे अंगात देव येणे, हे या वहीत विकार म्हणून नोंदवू नये. धार्मिक प्रथेचा स्वीकृत भाग असलेली अवस्था आंतरराष्ट्रीय निदान निकषांतही विकारातून वगळलेली आहे. ती अवस्था विधीबाहेर, इच्छेविरुद्ध येऊ लागली आणि शाळा, नोकरी वा संसार अडू लागला, तर तपासणी करून घ्यावी. घाडीकडे (गावच्या मांत्रिकाकडे) जाणे घरच्यांना महत्त्वाचे वाटत असेल तर त्यावरून भांडण करू नये, पण मारहाण, उपास किंवा धुरी यांना ठाम नकार द्यावा आणि डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नये.

बांबोळी येथील आयपीएचबी (इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेविअर) या सरकारी संस्थेत मनोविकारतज्ज्ञांची तपासणी होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो. जीव देण्याची भाषा असेल, तर नोंदी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. भेटीला जाताना चालू औषधांची यादी सोबत घ्यावी, वहीत काय लिहिले आहे ते संबंधित व्यक्तीला आधी वाचून दाखवावे, तिला चुकीचे वाटेल तिथे तिचे म्हणणे शेजारी लिहावे आणि काही वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्यावे.